मालक हयात आहेत

म्हसावद,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रूपकंवर सूनबाईंस,
अनेक आशीर्वाद.

लखनच्या काळ्यापिवळ्या जीपमधून एक गाठोडं पाठवलं आहे. सात सफारी आहेत. तुम्ही शहाद्यात जांगडाचं दुकान काढल्याचं समजलं. वापरलेले कपडे ठेवून जायचे, विकले गेले तर पैसे, नाहीतर कपडे परत. म्हटलं, ओळखीचं घर आहे, इथेच द्यावेत.

सातही सफारी एकाच पिस्ता रंगाचे का, असं तुम्ही विचाराल. ते तुमच्या सासऱ्यांना विचारा. भंवरलालशेठनी एका दिवाळीला अख्खा ताका माझ्या गळ्यात मारला. तेव्हापासून मी दुसरा रंग अंगाला लावलेला नाही. पंचक्रोशीत मला तोंडापेक्षा रंगावरून जास्त ओळखतात.

विकण्याचं कारण साधं आहे. साखर वाढली म्हणून सहा महिने सुरतेला मुलाकडे होतो. तिथल्या डॉक्टरने आणि सुनेने मिळून माझा निम्मा माणूस काढून घेतला. आता सफारी घातला की आत दुसरं कुणीतरी राहायला यावं इतकी जागा उरते. आमच्या मंडळी, रंजनाबाई, म्हणतात की घरात परका माणूस फिरतोय असं वाटतं. अठरा मे रोजी आमच्याकडेच वाढलेल्या नातीचं, दामिनीचं लग्न आहे. लोणखेड्याचे हेमकांत पाटील व्याही. साखरपुडा गेल्या उन्हाळ्यात, मी सुरतेला जायच्या आतच झाला. लग्नात मी नव्या मापाचे कपडे घालणार आहे.

एक विनंती. नाव गुप्त ठेवा. फोनवर बोलत नाही, कारण आमच्या ओट्यावर बोललेलं गल्लीच्या टोकापर्यंत जातं. दगा पाटलाने अंगावरचे कपडे विकायला काढले, हे गावात व्हायला नको. काही कळवायचं असेल तर चिठ्ठी लिहून लखनकडे द्या.

तुमचा,
दगा पाटील

*

शहादा,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. दगाआबांस,
सा. न.

सातही सफारी मिळाले. धुऊन, इस्त्री करून समोरच्या काचेत ओळीने टांगले आहेत. रस्त्यावरून फार छान दिसतात. नावाची काळजी करू नका. कपडा कुणाचा आणि कुणी घेतला, हे मी कुणालाच सांगत नाही. दुकानाचा तो पहिला नियम आहे. त्याशिवाय चांगल्या घरातली माणसं पायरी चढणार नाहीत.

बाबूजी समोरच्या कापड दुकानातून दिवसभर माझ्याकडे बघत बसतात. त्यांचं म्हणणं, तीन पिढ्या आपण कोरं कापड विकलं आणि सून भांड्यांवर कपडे घेणाऱ्या बोहारणीचं काम करते. मी म्हणते, जांगड हा शब्द मी तुमच्याच तोंडून शिकले. तुम्ही व्यापाऱ्याकडून ताके जांगडावर आणता, मी माणसांकडून सदरे आणते. त्यांनी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत दिली आहे. तोवर दुकान चाललं नाही तर या खोलीत शाळेचे गणवेश भरणार.

साड्या जातात. पुरुषांचे कपडे जात नाहीत. येणारा प्रत्येक जण कापड चिमटीत धरतो, शिवण बघतो आणि मग हळूच विचारतो, “या कपडासना मालक शे का?” मालक आहे का, म्हणून. मी नियमाप्रमाणे सांगते, मालकाबद्दल आम्ही काही बोलत नाही. मग तो कपडा सोडून देतो आणि हात पँटला पुसतो.

आपली,
रूपकंवर

*

म्हसावद,
४ मार्च २०२५

चि. सौ. रूपकंवर सूनबाईंस,
आशीर्वाद.

गावात काहीतरी चाललं आहे, ते मला समजत नाही. तुम्हाला समजलं तर सांगा.

परवा सकाळी गावातली दहा-बारा माणसं ओट्यावर येऊन बसली. पांढऱ्या टोप्या, माना खाली. मला वाटलं, लग्नाच्या मांडवाबद्दल बोलायला आली असतील. मी चहा मागवला. कुणी कपाला हात लावला नाही. थोड्या वेळाने एक जण म्हणाला, मोठा माणूस गेला. मी विचारलं, कोण? त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरा म्हणाला, दगा पाटील.

मी म्हणालो, मीच दगा पाटील. तर त्यातले दोघे रडायला लागले. तिसऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांना सांगितलं की भावाच्या दुःखात माणसाचं असं होतं.

मला भाऊ नाही. मी एकुलता एक. पण दोन दिवसांत गावाने मला एक भाऊ मिळवून दिला. तो लहानपणीच सुरतेला गेला होता म्हणे. शेजारच्या धनुबाईला तर तो चांगला आठवतो. फार खोडकर होता, असं ती सांगते.

आत बायका रंजनाबाईंच्या गळ्यात पडून रडल्या. त्यांना वाटलं, दामिनी सासरी जाणार म्हणून रडताहेत. म्हणून त्याही रडल्या. त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली.

फोनवर सारखं कुणीतरी सांत्वन करतं, म्हणून तो बंद करून ठेवला आहे.

तुमचा,
दगा पाटील

*

शहादा,
९ मार्च २०२५

ती. आबांस,
सा. न.

चूक माझी आहे. आधी माफ करा, मग पुढचं वाचा.

फेब्रुवारीच्या शेवटी तुमच्या गावचा एक माणूस काचेसमोर बराच वेळ उभा होता. सातही सफारी त्याने बोटाने मोजले. आत येऊन म्हणाला, हे म्हसावदच्या दगा पाटलांचे. मी नियमाप्रमाणे म्हणाले, मालकाबद्दल आम्ही काही बोलत नाही. त्याने विचारलं, कधी गेले? मी पुन्हा तेच म्हणाले. तो टोपी काढून उभा राहिला आणि निघून गेला.

बाबूजींना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, आपल्याकडे माणसाचे सगळे कपडे घरातून एकदम कधी बाहेर पडतात, एवढं तुला सुचलं नाही? एखादा सदरा देतात, एखादी पँट देतात. सगळे एकदम एकदाच निघतात.

मला खरंच सुचलं नाही. तुम्हाला सुचलं होतं का?

आजच रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली. नाव कुठेही नाही, त्यामुळे नियमही मोडत नाही. लाल अक्षरात लिहिलं आहे: या कपड्यांचे मालक हयात आहेत. आता सगळं नीट होईल.

आपली,
रूपकंवर

*

म्हसावद,
२१ मार्च २०२५

चि. सौ. रूपकंवर सूनबाईंस,
आशीर्वाद.

ती पाटी काढा. लखन सांगतो की शहाद्याच्या स्टँडवर लोक विचारतात, जिवंत माणसासाठी अशी पाटी कोण लावतं?

पण ते राहू द्या. त्याहून मोठं संकट आलं आहे. लोणखेड्याहून हेमकांत पाटलांचा निरोप आला. घरातला कर्ता पुरुष गेला असताना आम्ही तुमच्या दारात बँड वाजवणं शोभणार नाही, लग्न वर्षभर पुढे ढकलू. त्यांच्या ललितला, म्हणजे आमच्या होणाऱ्या नातजावयाला, जूनमध्ये कंपनी तीन वर्षांसाठी परदेशी पाठवते आहे. लग्न मेमध्ये झालं तर दामिनी बरोबर जाईल. नाहीतर कोण कुणासाठी थांबेल, ते मी सांगायला नको.

मी स्वतः लोणखेड्याला गेलो. नवा, अंगाबरोबरचा शर्ट घालून गेलो, तिथेच चुकलो. हेमकांत पाटील पायरीपर्यंत घ्यायला आले. माणूस सज्जन आहे. मी पूर्वी होतो तेवढाच रुंद आहे. मला ‘काका’ म्हणाले. मी सांगितलं, मी काका नाही, मीच दगा. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, काका, लग्न मोडू नये म्हणून घरं मयतसुद्धा झाकून ठेवतात, हे आम्हाला माहीत आहे. तुमचा राग नाही. तुमच्या जागी मीही हेच बोललो असतो.

मी आधार कार्ड काढलं. त्यांनी फोटो बघितला, जुना, जाडजूड. मग माझ्याकडे बघितलं. मग कार्ड कपाळाला लावून परत दिलं.

घरी आलो तर दामिनी दारात उभी होती. माझा चेहरा बघून तिला कळलं. ती रडली नाही. म्हणाली, “आबा, तुम्ही परत जाडा व्हई जा.” तेव्हापासून रोज दोन वेळा शिरा खातो आहे. डॉक्टरने कसलं औषध दिलंय कोण जाणे, अंगाला लागत नाही.

एक सफारी परत पाठवा. तो घालून जातो. रंग बघितल्यावर तरी ओळखतील.

दगा पाटील

*

शहादा,
२५ मार्च २०२५

ती. आबांस,
सा. न.

सफारी पाठवला आहे. अंग भरलेलं दिसावं म्हणून बाबूजींनी आतून कापसाचं जाड अस्तर लावून घ्यायला सांगितलं होतं, पण मार्च महिना बघून मी लावलं नाही.

बाबूजी आता तुमच्या बाजूने पूर्ण उतरले आहेत. म्हणाले, ताका मी विकला, साक्ष मी देणार. काल स्कूटरवरून लोणखेड्याला गेले. हेमकांत पाटलांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, शेठ, दगा पाटलांना तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? बाबूजी धंद्यात कितीही बोलले तरी साक्षीत खोटं बोलत नाहीत. म्हणाले, गेल्या पावसाळ्यात. त्यानंतर फक्त त्यांचे कपडे पाहिले. मग हेमकांत पाटलांनी बाबूजींचंच सांत्वन केलं. बाबूजी परत आले ते दुकानात न जाता सरळ घरी जाऊन झोपले.

पाटी काढली आहे. पण जिथे पाटी होती तिथे भिंतीवर चौकोन उमटला आहे. लोक तो बघून विचारतात, पाटी का काढली?

आपली,
रूपकंवर

*

म्हसावद,
७ एप्रिल २०२५

चि. सौ. रूपकंवर सूनबाईंस,
आशीर्वाद.

सफारी घालून लोणखेड्याला जाऊन आलो. बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. खांदे कोपरापर्यंत येत होते. हेमकांत पाटलांनी मला बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, काका, भावाचे कपडे इतक्या लवकर अंगावर घालू नयेत.

सूनबाई, त्या क्षणी मी हरलो. माझे कपडे सोडले तर मी दगा नाही आणि माझे कपडे घातले तर मी दगाचा भाऊ.

पण मार्गही त्यांनीच काढला. म्हणाले, वर्ष थांबायचं नसेल तर गंधमुक्ती रीतसर करून घ्या. दुखवटा संपला असं सगळ्यांच्या देखत झालं की लग्न ठरल्या तारखेला करू, माझी हरकत नाही. मी विचारलं, नक्की? त्यांनी माझ्या हातावर हात मारला.

घरी सांगितलं. दामिनी हसली आणि मग हसल्याबद्दल रडली. रंजनाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “जेवण घाला, फोटोले हार घाला, मी काही बोलस नही. पण धनी समोर बसीसन भाकर खाई ऱ्हायना, मी कुकू पुसनार नही.” त्यांचं बरोबर आहे. गावाला काय सांगायचं, ते त्यांच्या त्या बघतील.

बारा तारीख धरली आहे. माझ्या गंधमुक्तीला तुम्ही सहकुटुंब यावं.

दगा पाटील

*

शहादा,
२६ एप्रिल २०२५

ती. आबांस,
सा. न.

त्या दिवशी तुम्ही पंगतीत वाढत होतात म्हणून बोलता आलं नाही. बुंदी फार छान झाली होती. भाषणं ऐकताना तुम्ही मागच्या खांबाला टेकून बसला होतात. बाजार समितीवाल्यांनी तुमच्याबद्दल जे सांगितलं, त्यावर तुम्ही मान हलवून नाही म्हणालात, ते मी पाहिलं. बाबूजींनी फोटोला फूल वाहायला नकार दिला. म्हणाले, माणूस बुंदी वाढतोय, मी फूल त्याच्या ताटलीत ठेवतो. रंजनाकाकूंच्या कपाळावरच्या कुंकवाकडे सगळ्या बायका बघत होत्या, पण काकूंच्या डोळ्यांकडे बघून कुणी काही विचारलं नाही.

आता चांगली बातमी. तुमचा एक सफारी गेला. पुरुषाचा पहिलाच कपडा, तोही आखाजीच्या चार दिवस आधी. कुणी घेतला ते नियमाप्रमाणे सांगणार नाही. माणूस धिप्पाड होता. म्हणाला, लग्नसराईत कुठलाच शिंपी वेळेवर शिवून देत नाही आणि तयार कपडा माझ्या मापाचा मिळत नाही. शिवाय, आता गंधमुक्ती झाली आहे, घ्यायला हरकत नाही. पैसे देण्याआधी त्याने सफारीला नमस्कार केला.

बाबूजींनी बिल बघितलं. गणवेशांचं नाव काढलं नाही.

आपली,
रूपकंवर

*

म्हसावद,
२१ मे २०२५

चि. सौ. रूपकंवर सूनबाईंस,
अनेक आशीर्वाद.

लग्न झालं. कसं झालं, ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुमच्या नियमाने आम्हाला मांडवात काय काय दाखवलं ते तुम्हाला माहीत नाही. भंवरलालशेठच्या गुडघेदुखीमुळे तुम्हाला येता आलं नाही, ते बरं की वाईट, तुम्हीच ठरवा.

वऱ्हाड आलं. मी पांढऱ्या शर्टात, गावाच्या लेखी नवरीचा चुलत आजोबा म्हणून, मांडवाच्या मागच्या बाजूला उभा होतो. पहिल्या गाडीतून हेमकांत पाटील उतरले. अंगात पिस्ता सफारी. माझा. त्यांना असा बसला होता की माझ्याही अंगावर कधी बसला नसेल. मला नंतर समजलं, त्यांनी तो माझ्या आठवणीसाठी घेतला होता. ज्या माणसाने नात आपल्या घरात द्यायचं ठरवलं तो लग्नाला नाही, निदान त्याचा कपडा तरी असावा, असं त्यांच्या मनात आलं.

ते गाडीतून पाठमोरे उतरले. अख्खं म्हसावद उठून उभं राहिलं.

मग धनुबाई गर्दीतून वाट काढत गेली आणि त्यांच्या पायाशी बसली. म्हणाली, “दगा भाऊ, तू इतला दिन कथा व्हता रे?” मग आमची सगळी माणसं धावली. कुणी मिठी मारली, कुणी हात धरला. हेमकांत पाटील ओरडून सांगत होते की मी हेमकांत. मागून कुणीतरी म्हणालं, “नाव बी इसरी ग्या बिचारा.” बँडवाल्याला वाटलं, हे सगळं ठरलेलं आहे. त्याने वाजवायला घेतलं.

त्यांनी खिशातून आधार कार्ड काढलं. धनुबाईने ते न बघताच कपाळाला लावलं आणि परत दिलं.

शेवटी त्यांना मी दिसलो. हात पुढे करून म्हणाले, काका, तुम्ही सांगा यांना. तुमचे भाऊ गेले ना?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मंगलाष्टकं अजून व्हायची होती. हो म्हणालो असतो तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. दामिनी बाजूच्या खोलीच्या दारात मुंडावळ्या बांधून उभी होती. तिने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. कुठल्या बाजूला, ते मला त्या गर्दीत कळलं नाही. मी माझ्या मनाने घेतलं.

म्हणालो, “मला भाऊच नाही. तुमच्या अंगातला सफारी माझा आहे. डाव्या आतल्या खिशात बोट घाला. खिशाच्या आत आणखी एक छोटा खिसा आहे. सुपारीची डबी ठेवायला रंजनाने हाताने शिवलाय.”

त्यांनी बोट घातलं. बराच वेळ ते बोट तिथेच होतं. म्हणाले, तीन आठवडे मी विचार करतोय की हा खिसा कशाचा. मग माझ्याजवळ आले आणि माझ्या तोंडाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. लोक माझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होते, सूनबाई. दुःखात असलेल्या माणसाकडे बघू नये म्हणून.

त्यांनी विचारलं, “मग गंधमुक्तीला मी जेवलो, ते कुणाच्या?”

“माझ्याच.”

मला वाटलं, आता गाड्या परत वळतात. मग म्हणाले, “बुंदी चांगली होती.” आणि माझा हात धरून मला पुढच्या खुर्चीवर, त्यांच्या शेजारी नेऊन बसवलं.

लग्न वेळेवर लागलं. गावातल्या निम्म्या लोकांना अजूनही वाटतं की त्यांच्या शेजारी बसलेला तो सुरतेचा भाऊ. धनुबाई त्याच्या खोड्या सांगते आहे.

दामिनी निघाली तेव्हा सगळ्यांच्या पाया पडून शेवटी माझ्याकडे आली. माझा दंड चिमटीत धरून बघितला, हाडच हाताला लागलं, आणि हसली. गाडीत ती मागे बसली. पुढे माझा पिस्ता सफारी बसला होता. गाडी वळेपर्यंत तो रंग दिसत होता. म्हटलं, पोरीबरोबर घरचं कुणीतरी जातंय.

उरलेले पाच तुमच्याकडे आणि एक माझ्याकडे आहे. हेमकांत पाटलांना सहाही हवे आहेत. म्हणतात, एवढा मान त्यांना स्वतःच्या कपड्यांत कधी मिळाला नाही. उद्या ते आमच्याकडे जेवायला येत आहेत.

तुमचा,
दगा पाटील

*

शहादा,
२२ मे २०२५
(लखनला थांबवून घाईने लिहिते आहे)

ती. आबांस,
सा. न.

पत्र वाचून बाबूजी इतके हसले की गल्ल्यावरचं गिऱ्हाईक निघून गेलं. काल त्यांनी स्वतःचा एक जुना कोट माझ्याकडे जांगडावर ठेवला आणि रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले आहेत, मालक हयात आहे हे लोकांना दिसावं म्हणून.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. काल संध्याकाळी हेमकांत पाटील पाच सफारी घेऊन गेले. जाताना एक मोठं गाठोडं ठेवून गेले. म्हणाले, आता पिस्ता रंगच वापरणार, हे माझे सगळे जुने कपडे, विकून टाका. मी दुकानात नव्हते. बाबूजींनी गाठोडं घेतलं, आणि मला दिलेला धडा विसरून, तुमच्या सफारींसारखेच छान दिसावेत म्हणून सगळेच्या सगळे काचेत ओळीने टांगले.

आज सकाळी लोणखेड्याची चार माणसं काचेसमोर उभी होती. टोप्या हातात. त्यातला एक आत आला आणि विचारलं, “मालक शे का?”

मी दुकानाचा नियम मोडला. म्हणाले, आहेत, म्हसावदला व्याह्यांकडे, दगा पाटलांकडे, जेवायला गेले आहेत. त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. चौघेही मान खाली घालून लोणखेड्याच्या रस्त्याला लागले.

हेमकांत पाटील तुमच्याकडे ताटावर बसले असतील तर त्यांना सांगा, दुसरी पोळी घेऊ नका. आधी घरी जा.

आपली,
रूपकंवर